जुने आकडे कुठे सापडतील?

प्रश्न: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या केटलिन क्लार्कने २०२४ मध्ये महिलांचा सर्वाधिक पॉइंट्सचा रेकॉर्ड मोडला, पण कुठे ३,५२७ पॉइंट्सचा म्हणतात तर कुठे ३,६४९ चा, खरं काय आणि जुना डेटा बघायचा कुठे?

उत्तर: दोन्ही खरे, तिने दोन्ही मोडले. ३,५२७ केल्सी प्लमचे, एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांच्या आताच्या संघटनेतले. ३,६४९ लिनेट वुडार्डचे, १९७७ ते ८१, कॅन्सस विद्यापीठाकडून, पण तेव्हा बायकांच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना घ्यायची, एनसीएएची महिला टुर्नामेंट १९८२ ला सुरू झाली, म्हणून २०२४ मध्ये तरी एनसीएएच्या रेकॉर्ड बुकात त्या आधीचं नव्हतं, सरळ त्या कॉलेजच्या बास्केटबॉल मीडिया गाइडची (संघाच्या माहितीपुस्तिकेची) पीडीएफ उघडा, मागच्या पानांवर सीझनवार आकडे असतात. आणि तुलना करताना जपून हं, वुडार्डच्या वेळी थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स) नव्हताच! एवढ्या मोठ्या खेळाडूला यादीतून वगळणं मला तरी अन्यायच वाटतो.