पुण्यात कोथरूडहून स्वारगेटला ऑफिसला रोज सायकलने जाणं सुरक्षित आहे का? गिअरची घ्यावी की साधी?

साधी घ्या. कोथरूडहून स्वारगेटला जायला गिअर लागत नाहीत. ब्रेकची रबरं तेवढी वेळच्या वेळी बदला.

आता सुरक्षिततेचं. माझा दादा जन्मभर एकच सांगत आलाय, "कडेकडेने चालव." मीही चालवायचो, अगदी मुकाट. 2019 च्या पावसाळ्यात टिळक रोडवर उभ्या गाड्यांच्या रांगेला खेटून येत होतो आणि एका गाडीचं दार फाडकन उघडलं. ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 4 मीटर. बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत मी दारावर आदळून रस्त्याच्या मधोमध. मागून पीएमटीची बस येत नव्हती म्हणून आज हे लिहितोय. कॉलरबोन मोडलं, सहा आठवडे हात झोळीत. दार उघडणारे काका वर मलाच म्हणाले, "घंटी वाजवायची नाही का?" रस्त्यावरच्या प्रत्येक बंद दारासाठी वाजवू? दवाखान्यात दादाचं पहिलं वाक्य, "तरी सांगत होतो, कडेने चालव."

अरे, कडेनेच चालवत होतो!

तेव्हा उभ्या गाड्यांपासून चांगलं मीटरभर अंतर ठेवा. मागचे हॉर्न मारतील, मारू देत. हॉर्न मारणाऱ्याला तुम्ही दिसलेले असता. उभ्या गाड्यांच्या मध्ये जागा दिसली की आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे तर मुळीच नको. सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला थांबू नका. नळस्टॉपला पुलावर चढू नका, खालून जा. सायकल ट्रॅकचं मला विचारू नका, तिथे स्कूटर लावलेल्या असतात.

हां, पावसात ड्रेनेजच्या झाकणांवर टायर सरकतो, तिथे वळू नका. अंधारात मागे लाल दिवा हवाच, नुसत्या रिफ्लेक्टरवर भागत नाही. हेल्मेट घालाच, माझ्या खांद्याला त्याचा उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी. आणि कधी गाडी चालवलीत तर दार डाव्या हाताने उघडा. अंग आपसूक वळतं, मागचं दिसतं. डच रीच म्हणतात त्याला.

दादाला हे तीनदा दाखवलंय. गेल्या रविवारी चितळ्यांकडे जाताना त्याने गाडी लावली आणि उजव्या हाताने, मागे न बघता, दार उघडलं. मागून सायकलवर एक आजोबा येत होते. ते थोडक्यात वाचले, पण त्यांनी दादाला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. मी गाडीत गप्प बसून होतो.