वाचकांचे प्रश्न : टांकसाळीतील चूक की नंतरची करामत?

प्रश्न : राजवाड्याजवळच्या दुकानात सुट्या पैशांत १९९८ सालचे एक रुपयाचे पोलादी नाणे मिळाले. एका बाजूस मूल्य व साल नेहमीसारखे आहे. दुसऱ्या बाजूस सिंहमुद्रेऐवजी तेच मूल्य उलटे आणि खोलगट उमटले आहे. ही टांकसाळीतील चूक आहे की कोणाची करामत, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : या दोषाला संग्राहक ब्रॉकेज म्हणतात. छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला (चित्र उमटवणाऱ्या साच्याला) चिकटून राहिले, तर पुढच्या कोऱ्या चकतीवर त्या ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचाच उठाव दाबला जातो. म्हणजेच अस्सल ब्रॉकेजच्या खोलगट बाजूवर सिंहमुद्रा मुळात कधी छापलेलीच नसते. बनावट करणारे मात्र दोन पूर्ण नाणी एकमेकांवर ठेवून जोराने दाबतात, त्यामुळे सिंहांच्या आयाळीचे किंवा ‘भारत’ या अक्षरांचे पुसट अवशेष खोलगट आकृतीखाली राहतात आणि पलीकडचे उठावाचे मूल्यही चेपले जाते. दहापट भिंगातून हे अवशेष शोधणे, ही कसोटी मला सर्वांत विश्वासाची वाटते.

त्यानंतर सराफ्यात दिवसा, पेढ्या उघड्या असताना, सूक्ष्म काट्यावर वजन करून घ्यावे. त्या काळातील एक रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर असतो. चकती पूर्ण असल्याने या दोषात वजन घटत नाही. नाणे चुंबकाला चिकटलेही पाहिजे. त्याच सालचे निर्दोष नाणे शेजारी ठेवून सालाचे आकडे ताडून पाहावेत. एक कळकळीची विनंती : चिंच, राख किंवा टूथपेस्टने नाणे घासू नका. छापताना धातू सरकल्याच्या सूक्ष्म रेषा हाच त्याचा पुरावा असतो आणि घासल्याने तो कायमचा जातो.

प्रश्न : वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो, असे सांगून एकाने आधी नोंदणी शुल्क मागितले आहे. द्यावे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मुळीच देऊ नये. २०१२ सालचे हे नाणे स्मारक नाणे आहे, सदोष नव्हे, आणि ते चलनात विपुल आले. सालाखालील हिऱ्याच्या आकाराची चौकट, तारा किंवा ठिपका हीसुद्धा अनुक्रमे मुंबई, हैदराबाद व नोएडा या टांकसाळींची खूण असते, चूक नसते. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. तिचे नाव सांगून कोणी पैसे मागितल्यास पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार करावी.