बेळगावहून तीन दिवस सॅक घेऊन फिरायचं आणि शेवटी राफ्टिंग, दांडेली की म्हादई?

महिना कुठला ते सांगितलंच नाहीस भावा, सगळं त्याच्यावरच आहे की. जून ते सप्टेंबर असेल तर म्हादई, नदी आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावते पण राफ्टिंग होतं खाली गोव्यात वाळपईकडे. पहिल्या दिवशी जांबोटीवरून कणकुंबी, तिथं माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम बघ, दुसऱ्या दिवशी चोर्ला, मग घाट उतरून वाळपई. भीमगडच्या जंगलात परमिशनशिवाय घुसू नको, अभयारण्य आहे ते, आणि जळवा इतक्या असतात की मोज्यावर तंबाखूची पूड लावूनच चाल.

पावसाळा संपल्यावर जाणार असशील तर दांडेली, ट्रेननं लोंढा, तिथून रामनगर, मग गणेशगुडी, राफ्टिंग तिथंच काळी नदीत. नदीला पाणी वरच्या सुपा धरणातून सोडलं तरच राफ्टिंग, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचार, नाहीतर नुसते दगड बघून परत यायचं. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट घट्ट बांध, चष्म्याला दोरी लाव. चप्पल पट्ट्याचीच, माझी साधी होती ती वाहून गेली. आपला बेळगावी कुंदा, म्हणजे खव्याची मिठाई, सोबत ने, पण राफ्टिंगनंतरच खा.