‘शाळा खासगी आहे, कागद दाखवणार नाही’ असं म्हणता येतं का?

प्रश्न : माझी मुलगी नाशिक जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित सीबीएसई शाळेत पाचवीत आहे. शाळेत साधारण १,२०० मुलं आहेत. यंदा वर्षाची फी ६२,००० रुपयांवरून ७४,४०० रुपये केल्याचा मेसेज एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर आला. ही वाढ कुणी मंजूर केली, त्याचा कागद दाखवा, असं मी ऑफिसात जाऊन विचारलं. ‘मॅडम, शाळा खासगी आहे, माहितीचा अधिकार इथे चालत नाही,’ असं उत्तर मिळालं. पीटीएमध्ये (पालक-शिक्षक संघात) कोण पालक आहेत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, नावं मुख्याध्यापिका ठरवतात म्हणे. शाळेच्या वेबसाइटवर कागदपत्रांचं एक पान आहे, पण निम्म्या लिंक उघडतच नाहीत. फायर सेफ्टीचं प्रमाणपत्र उघडलं तर ते २०२१ चं निघालं. नवरा म्हणतो, फार विचारू नकोस, पोरीला त्रास देतील. गेल्या वर्षीही ४,००० रुपये वाढवले होते, तेव्हा आम्ही गप्प बसलो. मला माहिती मागण्याचा काही हक्क आहे का?

उत्तर : ताई, हक्क आहे. आणि तुम्ही जे मागताय त्यातला बराचसा भाग तर मागावाच लागू नये, शाळेने तो आपणहून फलकावर लावायचा असतो. ऑफिसात तुम्हाला सांगितलेलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याला पालक फसतात. विनाअनुदानित शाळेला माहिती अधिकार कायदा सहसा थेट लागू होत नाही, इथवर बरोबर. पण त्यावरून ‘आम्ही कुणाला काही दाखवायला बांधील नाही’ असा अर्थ निघत नाही. शाळेला बांधणारे कायदे वेगळे आहेत आणि तुमच्या कामाचे तेच आहेत.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. बोर्ड सीबीएसईचं असो, आयसीएसईचं असो की राज्याचं, महाराष्ट्रातल्या खासगी शाळेची फी या कायद्याच्या चौकटीत ठरते. ‘आम्ही सीबीएसई, आम्हाला राज्याचा कायदा लागत नाही’ हे उत्तर तुम्हाला अजून मिळालेलं नाही, पण पुढच्या खेपेला मिळेल. ते ऐकून परत फिरू नका.

या कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. शाळेतल्या मुलाचे पालक म्हणून तुम्ही त्या संघाच्या सभासद आहातच, कुणी तुम्हाला ‘घ्यायची’ गरज नाही. संघाची कार्यकारी समिती मात्र निवडावी लागते आणि ती निवड इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून होते. मुख्याध्यापिका अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक व एक शिक्षक सदस्य, अशी तिची रचना. मुख्याध्यापिकांनी आपल्या ओळखीतली नावं लिहून टाकली असतील तर ती कायद्याने अपेक्षित समितीच नव्हे. समिती बनली की १५ दिवसांत सदस्यांची यादी सूचना फलकावर लावायची आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायची. ही प्रत लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

आता फी. नव्या वर्षाची फी किती असावी याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने हिशेबाच्या कागदपत्रांसह या समितीपुढे ठेवायचा असतो, तोही नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान ६ महिने आधी. तुमची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे प्रस्ताव आदल्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत समितीकडे गेलेला असायला हवा. समितीने मंजूर केलेली फी सूचना फलकावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची आणि वेबसाइट असेल तर तिथेही टाकायची. व्हॉट्सॲपवरचा मेसेज यातल्या कशाचीच जागा घेऊ शकत नाही.

तुमच्या पत्रातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलं आहे. गेल्या वर्षीही ४,००० रुपये वाढले होते! एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बंधनकारक असते. गेल्या वर्षी ५८,००० ची ६२,००० झाली आणि यंदा पुन्हा ७४,४०० झाली, तर यातली एक वाढ नियमात बसवणं शाळेला अवघड जाणार. शाळा म्हणू शकते की समितीने दोन्ही वर्षांचे आकडे एकाच ठरावात मंजूर केले होते. तसं असेल तर ठराव दाखवावा, तारखेसकट आणि सह्यांसकट. ठराव नसेल तर २० टक्के वाढ योग्य की अयोग्य हा वाद तुम्हाला घालावाच लागणार नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण बहुतेक पालक भांडण रकमेपासून सुरू करतात. ‘एवढी फी कशी परवडणार’ म्हटलं की शाळा पगारवाढ, नवी इमारत, स्मार्ट बोर्ड अशी यादी वाचते. आणि कायदाही फी ठरवताना शाळेचं ठिकाण, सोयी, शिक्षकांची संख्या व पगार, देखभालीचा खर्च या गोष्टी विचारात घ्यायला सांगतो. त्या वादात एकटा पालक टिकत नाही. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीच्या रकमेबद्दल विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं तर २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. तुमच्या शाळेचा आकार पाहता हा आकडा ३०० च्या आसपास जातो. ही अट पालकांवर अन्याय करणारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, पण आज कायदा तसा आहे. उलट, ‘मंजुरीचा ठराव कुठे आहे, समितीची यादी कुठे आहे’ हे विचारायला एक पालक पुरतो. म्हणून आधी कागद मागा. रकमेचं नंतर बघू.

वेबसाइटच्या त्या पानाबद्दल. सीबीएसईने संलग्न शाळांना ‘अनिवार्य सार्वजनिक प्रकटन’ बंधनकारक केलं आहे. त्याचा ठरलेला नमुना आहे, शाळेच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. संलग्नतेचं पत्र, ट्रस्ट किंवा सोसायटीची नोंदणी, राज्य सरकारचं ना-हरकत प्रमाणपत्र, शाळेची मान्यता, इमारत सुरक्षितता, अग्निसुरक्षा, पाणी व स्वच्छता यांची प्रमाणपत्रं, फीचा तक्ता, वार्षिक वेळापत्रक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पीटीए सदस्यांची यादी, बोर्डाचे मागच्या ३ वर्षांचे निकाल, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्यांची संख्या व आकार, मुलींची आणि मुलांची स्वच्छतागृहं, एवढं सगळं तिथे दिसायला हवं. पीटीए सदस्यांची यादी या नमुन्यातही आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे जी नावं तुम्हाला सांगितली जात नाहीत, ती दोन वेगवेगळ्या नियमांनी जाहीर करायची आहेत.

एका संध्याकाळी शांतपणे बसून ते पान ओळीने वाचा. प्रत्येक लिंक उघडा, प्रमाणपत्रावरची तारीख आणि मुदत वहीत लिहा, उघडत नसेल तर ‘उघडत नाही’ असं लिहून तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. तक्रार केल्यावर पान रातोरात दुरुस्त होतं, मग आधी काय होतं हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी लागेल. दुरुस्त झालं तर चांगलंच, पण २०२१ चं प्रमाणपत्र इतकी वर्षं तिथे का होतं हा प्रश्न त्याने संपत नाही.

अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र मी सहज घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. फी जास्त गेली तर पुढे परत मिळवता येते. जिन्यातलं अग्निशामक रिकामं निघालं तर काय परत मिळवणार? म्हणून फीच्या अर्जात हा मुद्दा घुसडू नका, त्याचं स्वतंत्र पत्र द्या आणि एक प्रत स्थानिक अग्निशमन विभागाला पाठवा.

शिक्षकांची संख्या पडताळायची असेल तर शाळेला विचारायचीही गरज नाही. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) असतो आणि यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं रिपोर्ट कार्ड कुणालाही पाहता येतं. शाळेने सरकारला दिलेले आकडे आणि वेबसाइटवरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता करायचं काय. मुख्याध्यापिकांना साधा लेखी अर्ज द्या. राग, उपरोध, इतर पालकांची नावं, यातलं काही त्यात नको. मजकूर एवढाच पुरे : ‘माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता ५ वीत शिकते. चालू वर्षाच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची यादी, चालू व मागील वर्षाच्या फीला मंजुरी देणाऱ्या ठरावांच्या प्रती आणि मंजूर फीचा बाबनिहाय तक्ता मला मिळावा, तसेच कायद्यानुसार तो सूचना फलकावर व संकेतस्थळावर लावावा, ही विनंती.’ दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, ई-मेलही करा आणि पावती जपून ठेवा. त्याच फेरीत सूचना फलकाचा फोटो घ्या. तिथे फक्त सुट्ट्यांची यादी आणि स्पर्धेची जाहिरात असेल तर तोही पुरावा आहे.

१५ दिवस वाट बघा. उत्तर नाही आलं तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, अर्जाची पोच जोडून. वेबसाइटच्या पानाची तक्रार सीबीएसईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, स्क्रीनशॉटसह.

आणि इथे माहिती अधिकार कामाला येतो. शाळा सार्वजनिक प्राधिकरण (म्हणजे माहिती अधिकार कायदा थेट लागू होतो अशी संस्था) नसेल, शिक्षणाधिकारी कार्यालय मात्र आहेच. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये ‘माहिती’ची जी व्याख्या आहे, तिच्यात दुसऱ्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला मिळवता येणारी खासगी संस्थेची माहितीही येते. समितीची यादी शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायची असते हे वर सांगितलं, ते त्यासाठीच. तिथल्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. लांबलचक कैफियत लिहिली की अर्ज तिथेच अडतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. यादी कार्यालयाकडे आलेलीच नाही, असं लेखी उत्तर मिळालं तर नाराज होऊ नका, शाळेने नियम पाळला नसल्याचा तो सरकारी कागद झाला. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून याच मार्गाने मागता येते. ती मात्र दुसऱ्या अर्जाने.

तुमचा विषय नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. शाळा अनुदानित असेल तर चित्र बदलतं. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी शाळा स्वतःच सार्वजनिक प्राधिकरण ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे. अशा शाळेकडे थेट अर्ज करता येतो.

एक मर्यादाही पाळा. दुसऱ्या मुलांचे गुण, घरचे पत्ते, कुणाला फी माफ झाली त्यांची नावं, शिक्षकांचे वैयक्तिक तपशील मागू नका. ते जाहीर करण्याचं शाळेवर बंधन नाही, आणि करूही नयेत. पालकांच्या ग्रुपवर उत्साहात असे कागद फिरवले जातात, त्यात नुकसान मुलांचंच होतं.

फी भरण्याबाबत तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. सगळीच फी थांबवू नका, त्याने तुमची बाजू कमजोर होते. जुन्या दराने रक्कम भरून, वाढीव रकमेच्या मंजुरीचा ठराव मागितला आहे असं सोबत लिहून द्या. वाढीव रक्कम भरावीच लागली तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं पत्र द्या आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

तुमच्या यजमानांची काळजी मी हलकी मानत नाही. मी पण पालक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. मुलीला वर्गात फीवरून बोललं गेलं, बाकावरून उठवलं, कार्यक्रमातून वगळलं, तर त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा आणि मुख्याध्यापिकांना लेखी कळवा. अर्जाबद्दल मुलीशी बोलताना एवढंच सांगा की आई शाळेकडून एक कागद मागते आहे. ऑफिसात जाताना तिला सोबत नेऊ नका.

शक्य झालं तर अर्जावर आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या, नाही मिळाल्या तरी अडून बसू नका. समितीची यादी हातात आली की मला पुन्हा लिहा. त्यातले दोन पालक सहसचिव कोण आहेत आणि आपण सहसचिव आहोत हे त्यांना माहीत तरी आहे का, यावर पुढचं पाऊल ठरेल.