आठ वर्षं जुन्या एलईडी टीव्हीत आवाज येतो पण चित्र नाही. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: टीव्ही ४३ इंची, लावल्यावर कंपनीचा लोगो दोन सेकंद दिसतो आणि पडदा काळा होतो. आवाज चालू राहतो, रिमोटने चॅनेलही बदलतात. मेकॅनिकने मागचं झाकण न उघडताच ‘पॅनल गेलं, नवा घ्या’ असं सांगितलं.

ही लक्षणं पॅनल गेल्याची नाहीत, बॅकलाइट (पॅनलच्या मागचा उजेड) गेल्याची आहेत. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून नव्या टीव्हीचे भाव बघायच्या आधी हे पक्कं करून घ्या.

एलईडी टीव्हीतही पॅनल एलसीडीचंच असतं, आणि त्याला स्वतःचा उजेड नसतो. चित्र पॅनलवर तयार होतं आणि मागच्या एलईडी पट्ट्यांच्या उजेडात ते आपल्याला दिसतं. पट्ट्या विझल्या तरी चित्र तिथे असतंच. ते शोधायला खोलीत अंधार करा, टीव्ही लावा, रिमोटने मेनू उघडा आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरून हळूहळू फिरवा. मेनूची अक्षरं किंवा हलती माणसं पुसट दिसली, तर पॅनल, टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) आणि मदरबोर्ड तिन्ही काम करताहेत. दोष पट्ट्यांत किंवा त्यांना करंट देणाऱ्या भागात, म्हणजे ड्रायव्हरमध्ये आहे.

पट्टीवरचे एलईडी साधारण ३ किंवा ६ व्होल्टचे असतात आणि एकामागोमाग जोडलेले असतात. त्यातला एक जरी जळून आतून तुटला तरी पूर्ण साखळी विझते. ड्रायव्हरला हे कळतं आणि तो स्वतःच उजेड बंद करतो. तुमच्याकडे दोन सेकंद दिसणारा लोगो बहुधा याच कारणाने विझतो. एलईडी जळतात ते उष्णतेने. बरेच टीव्ही कारखान्यातून बॅकलाइट पूर्ण चढवून येतात आणि घरी कोणी तो कमी करत नाही.

दुरुस्तीत सगळ्या पट्ट्या बदलून घ्या. फक्त जळलेला एलईडी बदलून देणारे भेटतील आणि ते स्वस्तही पडेल, पण बाकीचे तितकेच तास जळलेले असतात, काही महिन्यांत शेजारचा जातो. शिवाय नवा एलईडी जास्त पांढरा दिसून पडद्यावर डाग पडतो. पट्ट्या मागवताना टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनल बसवलेली असतात. जुन्या पट्टीवर छापलेला नंबर, लांबी, एलईडींची संख्या, ३ की ६ व्होल्ट आणि कनेक्टरची दिशा हे सगळं जुळलं पाहिजे. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टच्या पट्ट्या लावल्या की ड्रायव्हरला तेवढा व्होल्टेज देता येत नाही आणि दोष होता तिथेच राहतो.

खरा धोका पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यात आहे. त्या बहुतेक टीव्हींत पॅनलच्या मागे, पांढऱ्या शीट्सच्या खाली असतात, म्हणजे आधी पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं. पॅनलच्या कडेला चिकटलेल्या बारीक रिबन फाटल्या किंवा काचेला पीळ बसला, तर तेव्हा मात्र पॅनल खरोखर जातं. ४३ इंचाला दोन माणसं, व्हॅक्यूम कप आणि सपाट, स्वच्छ टेबल हवंच. ५५ इंचाच्या पुढे मी हे काम फक्त रोज करणाऱ्याकडेच देईन. उघडताना पॅनल फुटलं तर नुकसान कोणाचं, हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट बोलून घ्या, जमलं तर बिलावर लिहून घ्या.

झाकण उघडलेलंच आहे तर दोन कामं सांगा. वीज पुरवणाऱ्या सप्लाय बोर्डवरचे कपॅसिटर पाहायचे. डोकं फुगलेलं असेल तर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसणाराच नवा बसवायचा. दुसरं, ड्रायव्हरचा करंट २० ते ३० टक्क्यांनी कमी करून घ्यायचा. उजेडातला फरक घरात फारसा जाणवत नाही, पट्ट्यांचं आयुष्य मात्र चांगलंच वाढतं. ते जमत नसेल तर मेनूमध्ये ‘बॅकलाइट’ ६० टक्क्यांच्या आसपास आणा. अनेक टीव्हींत ‘ब्राइटनेस’ ही वेगळी सेटिंग असते, तिने काळ्या रंगाची गडदता बदलते, पट्ट्यांवरचा भार नाही.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर गोष्ट वेगळी. पडद्यामागे करडा उजेड आहे पण चित्र नाही, अशा वेळी टी-कॉन बोर्ड संशयित असतो. त्याला साधारण १२ व्होल्ट मिळतात का, त्याचा छोटा फ्यूज शाबूत आहे का, हे मीटरने लगेच कळतं. पॅनलकडे जाणाऱ्या दोन रिबनपैकी एक, टीव्ही बंद करून आणि प्लग काढून, सोडवली आणि टीव्ही पुन्हा चालू केल्यावर अर्ध्या पडद्यावर चित्र आलं, तर सोडवलेल्या बाजूला पॅनल शॉर्ट आहे. हे असं दाखवल्यावर ‘पॅनल गेलं’ मी मान्य करेन. काही जण अशा पॅनलच्या रिबनवर टेप लावून चित्र आणून देतात. ते कधी वर्षभर चालतं, कधी आठवडाभर. त्यासाठी मोठी रक्कम मोजू नका.

चित्र येतं पण खराब येतं, त्यांच्यासाठी सोपी खूण: टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र खराब, तर केबल, सेट टॉप बॉक्स किंवा पोर्ट तपासा. मेनूसुद्धा खराब, तर दोष टीव्हीत आहे. पडद्यावर वरून खालपर्यंत केसाएवढी उभी रेघ असेल आणि फ्रेम हलकेच दाबल्यावर ती येत-जात असेल, तर काचेला चिकटलेली रिबन सुटते आहे. एक रेघ असेल तर तशीच सहन करा, दुरुस्तीवर खर्च नको.

टीव्ही लोगोवरच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर आधी फॅक्टरी रीसेट करून बघा, मग त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर यूएसबीवरून टाका. तरीही नाही झालं तर मदरबोर्ड किंवा त्यावरची मेमरी चिप. इथे एका गोष्टीसाठी सावध राहा: मूळ बोर्ड काढून युनिव्हर्सल (अनेक टीव्हींना चालणारा) बोर्ड बसवला की चित्र येतं, पण स्मार्ट सोयी, मूळ रिमोट आणि रंगांची सेटिंग बऱ्याचदा जाते. आधी मूळ बोर्डची दुरुस्ती विचारा.

आता निर्णय. पट्ट्या, सप्लाय, टी-कॉन किंवा मदरबोर्ड यांतला एकच दोष असेल आणि एकूण खर्च तेवढ्याच आकाराच्या साध्या नव्या टीव्हीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल, तर दुरुस्त करा, वय आठ असलं तरी. खर्च निम्म्यावर गेला तर नको. मधल्या खर्चात मी हे बघेन: पॅनलवर रेघा-डाग नाहीत ना, आणि कामाला किमान तीन महिन्यांची लेखी हमी आहे का. तुलना करताना मोठा किंवा महागडा टीव्ही समोर ठेवू नका, नाहीतर हिशोब चुकतो. काढलेले सुटे भाग परत मागा.

ॲप चालत नाहीत एवढ्यावरून चांगला टीव्ही टाकू नका, एचडीएमआय पोर्टला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम होतं. वीज वाचेल म्हणून बदलायचा विचार फक्त नळ्यांच्या बॅकलाइटच्या जुन्या एलसीडीबाबत करा. तिथे ८० वॅटचा फरक आणि रोज ५ तास वापर धरला तर वर्षाला १४६ युनिट वाचतात. तुमच्या एलईडी टीव्हीत एवढी बचत होणार नाही.

काच फुटली असेल, ओएलईडीवर कायमचे डाग पडले असतील किंवा टीव्ही प्लाझ्मा असेल, तर नवाच घ्या. फुटलेल्या काचेच्या जागी नवं पॅनल बसवायला बहुधा टीव्हीएवढेच पैसे लागतात, आणि प्लाझ्माचे सुटे भाग आता जुन्या टीव्हीतून काढलेलेच मिळतात.

स्वतः झाकण उघडणार असाल तर: २३० व्होल्टवर चालणाऱ्या टीव्हीत सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मीटरने शून्य दिसल्याशिवाय बोर्डला हात लावू नका. पिक्चर ट्यूबचा टीव्ही तर उघडूच नका, ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टहून अधिक दाब असतो.

टाकून द्यायचाच झाला तर आधी फॅक्टरी रीसेट करून आपली खाती काढा. पॅनल फुटलेल्या टीव्हीचे चालू बोर्ड दुरुस्तीवाले विकत घेतात, ते विचारून बघा. उरलेला सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. नळ्यांच्या जुन्या एलसीडीत पारा असतो आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं, त्यामुळे हे टीव्ही भंगारात फोडायला देऊ नका.