अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी विद्यार्थी सहाय्यक म्हणून डेटा गोळा करायचं काम मिळतंय. नुसते आकडेच भरायचे असतील तर घ्यावं का?

घ्याच. मी हे काम दोन वर्षं केलं. ‘नुसते आकडे’ असं मलाही सुरुवातीला वाटायचं.

माझ्याकडे जुन्या छापील तक्त्यांचे स्कॅन होते, त्यावरून एक्सेलमध्ये आकडे उतरवायचे. काही चौकटींत शून्य, काहींत आडवी रेघ, काही कोऱ्याच. मी तिन्हींसाठी शून्य टाकत गेले. तीन आठवड्यांनी मॅडमनी आलेख काढला, तर एका वर्षी उत्पादन एकदम कोसळलेलं. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात खुलासा होता: रेघ म्हणजे माहिती उपलब्ध नाही. सगळे तक्ते पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागले. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रेघ म्हणजे आकडा हाती आलेलाच नाही. हा फरक तेव्हा जो डोक्यात बसला, तो कायमचा.

अशा गोष्टी किती लांब जातात बघा. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं, की महायुद्धानंतरच्या काळात विकसित देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का दिसते. काटकसरीच्या धोरणांसाठी जगभर याचा दाखला दिला गेला. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल उघडून पाहिली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. खरं तर त्याहून जास्त फरक काही वर्षं वगळल्यामुळे आणि सरासरीत कुठल्या देशाला किती वजन द्यायचं, या निवडीमुळे पडला होता. हे सगळं धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी काढलेला सरासरी वाढीचा आकडा होता २.२ टक्के. म्हणजे कुठली ओळ धरायची, कुठली सोडायची, हे ठरवणंच मोठं काम असतं, आणि त्याची पहिली पायरी तुमच्या हातात असणार आहे.

लोकांना भेटून प्रश्नावली भरायची असेल तर आणखी जपा. आधी संमती घ्या. प्रश्न छापलाय तसाच वाचा. ‘गेल्या महिन्यात किती खर्च झाला?’ यावर समोरची व्यक्ती अडखळली, की ‘आधीच्या महिन्याएवढाच ना?’ असं आपण सहज बोलून जातो. ती हो म्हणते, आणि तो आकडा तिचा न राहता तुमचा होतो. थांबा, तिला आठवू द्या. नाहीच आठवलं तर ‘माहीत नाही’चा कोड टाका. तो कोड उणे ९९ असेल तर विश्लेषण करणाऱ्याला नक्की सांगा, नाहीतर तोही सरासरीत मिसळतो.

हो म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा. मानधन तासावर आहे की फॉर्मवर? फॉर्मवर असेल तर घाई होते, दर्जा घसरतो. आणि पुढचं विश्लेषण, त्यासाठी लिहिलेला संगणकाचा कोड तुम्हाला बघायला मिळेल का? नाही म्हणाले तर दुसरं काम शोधा, कारण खरं शिक्षण तिथे आहे.

कामाला लागलात की मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. शेजारी एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, तक्ता, शंका, काय ठरवलं, का ठरवलं. माझी नोंदवही शेवटी पेपरच्या परिशिष्टासाठी मॅडमनी मागून घेतली.