पद उचलताना: नव्या सभासदास पत्र

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

मंडळात तुझं मनापासून स्वागत. तुझा गळा तयार आहे, म्हणून रागदारीबद्दल काही सांगत नाही. संगीत नाटकात नवी मंडळी अडखळतात ती बहुधा गद्यातून पदात, म्हणजे बोलण्यातून गाण्यात, शिरताना.

बैठकीत तानपुरा लावून सूर घ्यायला सवड असते, रंगमंचावर नसते. संवाद संपता संपता ऑर्गनवाला तुझा षड्ज, म्हणजे सा, धरतो. त्याची आणि तबलजीची खूण एकच, तुझ्या वाक्यातला शेवटचा शब्द. ऐन वेळी तो बदललास तर साथीदार वाट पाहत राहतात आणि तेवढ्यात प्रसंग थंड पडतो. बाकी गद्यात एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी निभतं, पण पदाआधीची दोन वाक्यं अक्षर न् अक्षर पाठ हवीत. शेवटचं वाक्य आवाज खाली टाकून संपवू नकोस, षड्जाच्या आसपास आणून सोड. सूर आपोआप सापडतो. संतापाच्या संवादानंतर मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, हमखास ठेक्याच्या पुढे धावतो, तेव्हा मनात दोन मात्रा मोजून मगच उचल. हा जोड वेगळा घोटायचा: दोन वाक्यं, मुखडा, सम (तालाची पहिली मात्रा), थांब, पुन्हा. इतर कशाहीपेक्षा यालाच जास्त वेळ दे.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला तू सा धरतेस, ते पहिल्याच दिवशी सांग. मुली साधारण काळी चार-पाचमध्ये गातात, मुलगे काळी एक-दोनमध्ये. दोघांचं पद आलं की पंचाईत होते. काळी एकचा मध्यम (म) म्हणजे काळी तीन. नायकाने काळी एक आणि तू काळी तीन धरलीस तर पट्टी बदलताना कानाला धक्का बसत नाही. तुला थोडं खाली उतरावं लागेल, म्हणून मंद्र पंचमापर्यंतचा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंतचा, रियाज आत्ताच सुरू कर.

ताना आवर. १८८० च्या आसपासच्या नाटकांत शंभराहून अधिक पदं असत आणि प्रयोग रात्रभर चाले. आता अडीच-तीन तासांत पंधरा-वीस पदं बसवायची, तर एका पदाला तीन-चार मिनिटं पुरे. वन्समोअर आला तर मुखड्यापासून घ्यायचं की अंतऱ्यापासून, हे साथीदारांशी आधीच ठरव. नाहीतर ऑर्गन एकीकडे आणि तू दुसरीकडे. दुसऱ्याच्या पदात नुसतं उभं राहून ऐकणं हाही अभिनयच आहे, आणि तो फार कमी जणांना जमतो.

आपल्या बोलण्यात ‘करून राहिली’ येतं, वऱ्हाडी माणसाच्या तोंडी डोळ्याचा डोया होतो. ही बोली आपली आहे, ती सोडू नकोस. पण जुनं गद्य संस्कृतप्रचुर असतं, म्हणून ळ, ण आणि जोडाक्षरं असलेला उतारा रोज दहा मिनिटं मोठ्याने वाच.

मे महिन्यातल्या तालमीत कूलरच्या घरघरीने षड्ज ऐकू येत नाही. पद सुरू झालं की कूलर बंद करायचा. कोरड्या उन्हात तबल्याच्या पुडीचा (वरच्या कातड्याचा) सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. म्हणून साथीदारांना जुळवायला वीसेक मिनिटं मिळालीच पाहिजेत. नऊवारी शेवटच्या आठ-दहा तालमींना नेसूनच ये, बसून गाताना काष्टा कुठे ओढतो ते कळेल. कॉलर माइक ठुशीखाली लावू देऊ नकोस, मणी घासून खरखर येते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या रंगमंचावर ऑर्गन नीट ऐकू येईलच असं नाही, तेव्हा विंगेत मॉनिटर स्पीकर मागून घे. संकोच करू नकोस.

येताना दोनशे पानी वही आण. पदं पेन्सिलीनेच उतरवून घे, काटछाट शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. तालीम संपायला रात्र होते, तेव्हा घर कुठल्या बाजूला आहे ते आधी कळव. त्या बाजूला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी तुझी सोय लावून देऊ.

तुझी,
मंडळातली वडील मंडळी